स्टिरिओची निळी वायर

विहिरीतल्या करंटची गोष्ट तुम्ही माझ्याकडून ऐकलेली असणारच. नसेल ऐकली, तर रत्नागिरीत तुमची-माझी ओळख नाही एवढाच त्याचा अर्थ. मी ती लग्नांत सांगितली, बारशांत सांगितली, हातखंब्याला एसटी पंक्चर होऊन उभी राहिली तेव्हा अख्ख्या गाडीला सांगितली — टायर बदलून झाला तरी कंडक्टर घंटी मारायची विसरला होता. पण त्या गोष्टीला एक मागची बाजू आहे. ती मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही. म्हणजे तिला सांगायची वेळच आली नाही — का, ते पुढे येईल.

आज का सांगतोय? खरं सांगू? माहीत नाही. सुरुवात स्टिरिओपासून करतो. तिथे मला जरा बरं वाटतं. तिथे मी अजून फक्त मूर्ख आहे.

रत्नागिरीत टीव्ही दिसायला लागून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. आमच्या वाडीत पहिला टीव्ही माझा. काळा-पांढरा, लाकडी शटरचा, आणि त्याचा आवाज असा, की डब्यात कोंडलेला माणूस बोलतोय. तोवर माझी काही तक्रार नव्हती. पण त्या वर्षी मी डोंबिवलीला मेहुण्याकडे गेलो आणि बिघडलो. मेहुण्याने टीव्हीचा आवाज एका अँप्लिफायरमधून काढून दोन खोक्यांत सोडला होता. पडद्यावर मोटार निघाली आणि माझ्या पाठीमागून गेली! मी खुर्चीवरून पाय वर घेतले. हे मी वाडीत येऊन सांगितलं — पाय वर घेतल्याचं सोडून. त्याऐवजी सांगितलं, की मोटार माझ्या डाव्या कानातून शिरली, उजव्यातून बाहेर पडली आणि हॉर्न मेंदूत राहिला. लोक हसले. मग कोणीतरी म्हणालं, "मग भाऊ, तू कधी आणतोस?"

आता काय करणार? बोलून बसलो होतो.

त्यातून आणखी एक भानगड होती. वाडीत माझी ख्याती होती, की मी नोकरीला लागायच्या आधी मुंबईत दोन वर्षं 'साऊंडच्या लाइनीत' होतो. ही ख्याती मीच पसरवली होती. वस्तुस्थिती अशी, की मी परळला एका लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहत होतो. दुकान खाली, मी वर. एकदा त्यांचा कर्णा जिन्यात आडवा आला म्हणून मी तो बाजूला केला होता. साऊंडशी माझा एवढाच संबंध.

ज्याला खरंच कळत होतं तो माणूस वेगळा. दिगंबर — आमचा दिगू वायरमन. किडकिडीत, खिशाला पेनाच्या जागी टेस्टर, सायकलच्या हँडलला वायरचं वेटोळं. पलीकडच्या वाडीत राहायचा. आमच्या विहिरीवरच्या तीनही घरांचं लाइटचं काम त्याचंच. बोलायचा कमी आणि हळू. आणि त्याची एक सवय मला फार खुपायची — तो बरोबर असायचा. दर वेळी. आवाज न चढवता बरोबर असणारा माणूस किती त्रासदायक असतो, तुम्ही अनुभवलंय?

सेट घ्यायचा ठरला तेव्हा तो आपणहून आला. म्हणाला, "भाऊ, दिवे बघून घेव नका. ट्रान्सफॉर्मर उचलून बघा. जड लागला तर घ्या." मी मान डोलवली, मुंबईला गेलो आणि दिवे बघून घेतला. अहो, काय दिवे होते! आवाज चढला की हिरव्याचे पिवळे, पिवळ्याचे लाल, पट्टी नुसती नाचायची. कंपनीचा तयार सेट माझ्या आवाक्यात नव्हता. दुबईहून आलेला एक सेट मिळत होता, पण त्याची पेटी रुखवतातल्या ट्रंकेएवढी. हा मात्र लॅमिंग्टन रोडवर जुळवलेला, पुढून एखाद्या विमानाच्या कॉकपिटसारखा दिसणारा. उचलायला इतका हलका, की मी एका हाताने बसमधून आणला. तेव्हाच कळायला हवं होतं ना? दिगूचं वाक्य कानात होतं. पण मला त्या हलकेपणाचाही अभिमान वाटला — नवीन टेक्निक!

स्पीकर नुसतेच आणले, खोकी इथे करून घेतली. सुताराकडे घरच्या फणसाच्या फळ्या पडून होत्या. खोकी अशी भक्कम झाली, की एकेक उचलायला दोन माणसं. दिगू बघून म्हणाला, आवाज चांगला येईल, पण भिंतीला चिकटवू नका, वीतभर पुढे ठेवा, आणि दोन्ही वायरींचं प्लस-मायनस सांभाळा. मी एक खोकं पडवीत ठेवलं आणि एक माजघरात — दोन्ही भिंतीला चिकटवून. का? लांब ठेवलं की मोटार लांबवर जाईल, हा माझा हिशेब. त्यासाठी निळी वायर घेतली. दुकानात असलेली सगळी घेतली, वेटोळंच. ती पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

टीव्हीतून आवाज काढायचा कसा, ही खरी मेख होती. मेहुण्याच्या टीव्हीला त्यासाठी भोक होतं. माझ्या टीव्हीला नव्हतं. दिगूने मागचं झाकण उघडून बघितलं आणि पुन्हा लावलं. म्हणाला, "भाऊ, ह्याची बॉडी गरम असते. आतली पत्र्याची चौकट थेट लाइनीवर आहे, हात लावाल तर करंट. आतून वायर काढू नका. मधे ट्रान्सफॉर्मर घालू या, मी मागवतो. आणि घराला आधी अर्थिंगचा खड्डा खणा. सहा फूट. मीठ-कोळसा भरून, उन्हाळाभर रोज दोन कळशा पाणी."

सहा फूट! आमच्या कातळात सहा फूट खणायचं म्हणजे सुरुंगाचं काम. मातीचा थर एवढा पातळ, की कोंबडीने उकरलं तर चिरा लागतो. आणि चैत्र-वैशाखात रोज दोन कळशा पाणी खड्ड्यात ओतायचं? तीन घरांत मिळून ती एक विहीर, बायका वाटीने पाणी मोजत होत्या. ही म्हणाली, खड्ड्याला पाणी घालणार असाल तर आंघोळ त्या खड्ड्यातच करा.

मी दिगूला सांगितलं, बघतो. तो गेला, आणि मी टीव्हीचं झाकण उघडलं आणि आतून वायर काढली. साऊंडच्या लाइनीतला माणूस ना मी!

आणि मग ती सुरू झाली. घूंऽऽऽ.

ती घूं तुम्हाला कशी सांगू? टीव्ही लावा, घूं. आवाज बारीक करा, तरी घूं. बातम्या देणारी बाई तोंड हलवतेय आणि तिच्या पोटातून घूं. मी वायरी बदलल्या, खोकी बदलली, अँप्लिफायर टीव्हीवरून खाली ठेवला, स्टुलावर ठेवला, पाटावर ठेवला, देव्हाऱ्याकडे तोंड करून ठेवला. घूं हलली नाही. आठ दिवस मी ऑफिसातून आलो की चहाआधी पाना घ्यायचो. झोपलो तरी कानात घूं. ऑफिसात साहेब बोलायला लागले की मला त्यांच्या मागे घूं ऐकू यायची. वर अँप्लिफायरला बोट लावलं की मुंग्या. हिने एकदा धूळ पुसायला हात लावला आणि फडकं टाकून बाहेर गेली. तेव्हापासून त्या कोपऱ्यात केर साठला.

शनिवारी संध्याकाळी सिनेमा होता. मी वाडीला आमंत्रण देऊन बसलो होतो — पडवीत सतरंज्या, चिवडा, सगळा थाट. सिनेमा सुरू झाला. नायक बोलला, घूं. नायिका रडली, घूं. दिवे मात्र काय नाचले! शेजारच्या आक्का पुढेच बसल्या होत्या. साठीच्या, एकट्या राहायच्या, अख्ख्या आळीला फणसाचे पापड पुरवायच्या, आणि जीभ अशी, की कोयती बरी. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तुझ्या खोक्यात गांधीलमाश्यांनी घर केलानी काय रे?"

अख्खी पडवी हसली. अगदी पोट धरून. लोकांना हसवणं हा माझा धंदा. माझ्यावर हसलेलं मला तोवर माहीत नव्हतं. फक्त दिगू हसला नाही. तो मागे खांबाला टेकून उभा होता. जाताना हळूच म्हणाला, "ट्रान्सफॉर्मर बुधवारी येतोय, भाऊ. तवर लाव नका."

तो हसला असता तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी मला युक्ती सुचली. आजही ती आठवली की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, पण तेव्हा मी अंथरुणातच टाळी वाजवली होती. अर्थिंगला काय लागतं? खड्डा आणि पाणी. मग परसात चाळीस फूट खोल खड्डा पाण्यासकट तयार असताना नवा कशाला खणायचा? विहीर! वाडीतली सगळ्यात मोठी अर्थिंग! दिगूला विचारावं, असं मनात आलं — आलं होतं, नाही म्हणत नाही. पण विचारलं असतं तर मला कळत नाही हे त्याला कळलं असतं. जसं काही त्याला माहीतच नव्हतं.

निळ्या वायरचं उरलेलं वेटोळं घेतलं. एक टोक अँप्लिफायरच्या पत्र्याला. मागच्या खिडकीतून बाहेर, गवताच्या गंजीमागून, आणि दुसरं टोक विहिरीवरच्या रहाटाच्या लोखंडी आडव्या दांड्याला. चार वेढे मारले. लोखंड म्हणजे विहीर, विहीर म्हणजे पाणी, असं माझं शास्त्र. तो दांडा दोन सुक्या चिऱ्यांवर टेकलेला आहे आणि पाणी तिथून तीस फूट खाली आहे, हे मला दिसत होतं. डोळ्यांना दिसत होतं. चिरा उन्हाळ्यात किती कोरडा असतो, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक. माझी वायर जमिनीत गेलीच नव्हती. घरातल्या मुंग्या मी फक्त विहिरीच्या दांड्यावर नेऊन ठेवल्या होत्या.

घरात आलो, टीव्ही लावला. घूं होतीच. तेव्हा मी टीव्हीची दोन बोटांची पिन उपटली आणि उलटी घातली.

आणि घूं गेली.

तुम्हाला शपथेवर सांगतो, ते पाच-सात सेकंद माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. स्वच्छ आवाज. कोणीतरी पेटी वाजवत होतं आणि बोटं पट्टीवर पडलेली ऐकू येत होती. मी हिला हाक मारायला तोंड उघडलं — आणि मागून आक्का ओरडल्या.

इथून पुढचं मला हळू सांगू द्या.

पिन उलटी घातल्यावर टीव्हीच्या चौकटीतला पुरा करंट माझ्या निळ्या वायरीने विहिरीच्या दांड्यावर गेला होता. मी पिन उपटली. हे पहिलं. म्हणजे मला कळलं होतं. नंतर कळलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण हाताला तेव्हाच कळलं होतं. मग मी मागच्या दाराने धावलो. कुठे? आक्का रहाटाखाली ओल्या दगडावर पडल्या होत्या, कळशी आडवी, उजवा हात अंगाखाली. आणि मी गंजीमागे वाकलो आणि वायरला हिसडा दिला. ती सुटून आली. ती गोळा करत खिडकीतून घरात गेलो, तांदळाच्या कणगीत खुपसली, झाकण घातलं — आणि मग आक्कांकडे गेलो.

आधी वायर. मग आक्का.

तोवर ही आणि पलीकडच्या घरातली माणसं पोचली होती. आक्कांचं मनगट कसंतरीच वळलं होतं. रिक्षा आली, त्यांना सिव्हिलला नेलं. मागे राहिलेले विहिरीपासून दहा हात लांब उभे. विहिरीवर करंट आला कुठून? तर विहिरीवर वायर एकच — शिमग्याच्या आधी दिगूने बायकांच्या सोयीसाठी खांबावर लावलेला दिवा. "काय करून ठेवलान ह्या दिग्यान!" पहिल्यांदा कोण म्हणालं, आठवत नाही. मी नव्हतो. एवढं एक माझ्या बाजूचं.

दिगूला बोलावलं. तो सायकल टाकून धावतच आला. खांबावर चढला, खटका उघडला, टेस्टर लावला, उतरला. "माझ्या वायरीत काय नाय," म्हणाला. लोक बोलत होते, तो ऐकून घेत होता. मग तो दांड्याजवळ गेला आणि थबकला. माझ्या चार वेढ्यांपैकी एक तिथेच राहिला होता. बोटभर निळा तुकडा. दिगूने तो सोडवून मुठीत घेतला, माझ्या मागच्या खिडकीकडे बघितलं, आणि माझ्याजवळ आला. इतक्या जवळ, की दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये.

"भाऊ, तुमीच सांगा. मी सांगितलं तर भांडण होईल. तुमी सांगितलंत तर नुसती चूक होईल."

मूठ तशीच बंद. तो मला वाचवत होता, कळतंय तुम्हाला? त्याच्यावर सगळी वाडी उठलेली, आणि तो माझ्यासाठी वाट काढत होता.

एवढ्यात कोणीतरी म्हणालं, "भाऊ, तू साऊंडच्या लाइनीतला. तू सांग, काय झालं?"

मी सांगितलं. फार छान सांगितलं. म्हणालो, दिव्याला अर्थिंग लागते, खड्डा खणायचा कंटाळा, म्हणून ह्याने अर्थिंगची वायर विहिरीच्या दांड्याला बांधली असणार. दांडा सुक्या चिऱ्यावर, मग करंट जाणार कुठे? जो हात लावील त्याच्या अंगात! — बघा, एक शब्द खोटा नव्हता. माझीच चूक मी बिनचूक सांगितली. फक्त नाव बदललं.

दिगूने मूठ खिशात घातली, सायकल उचलली आणि गेला. तुकडा त्याने कुणालाच दाखवला नाही. दाखवला असता तरी कोण मानणार होतं? मी बोलणारा, तो गप्प.

मी इथेच थांबलो असतो तरी एक वेळ... पण थांबेन तो मी कसला? आक्का हात गळ्यात बांधून परत आल्या, आणि संध्याकाळी नाक्यावर लोकांनी विचारलं. मी त्यात मासे घातले. म्हणालो, विहिरीतले मासे तळून वर आले, नुसतं मीठ लावायचं बाकी. दुसऱ्या दिवशी आक्का सहा फूट उडाल्या. आठवड्यात रहाट आपोआप फिरायला लागला. लोक हसून हसून लोळायचे, आणि दर हसण्याला दिगूचं एक गिऱ्हाईक कमी व्हायचं. त्याला बघून पोरं ओरडायची, "विहीर आली रे, मेन स्विच पाडा!" हे वाक्यही माझंच. त्या वर्षी गणपतीची रोषणाई दुसऱ्याला दिली. वर्षानुवर्षं दिगू करायचा ती. दिवाळीनंतर तो बिऱ्हाड घेऊन राजापूरला गेला. हँडलला वेटोळं नसलेली त्याची सायकल मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

आक्कांचं मनगट वाकडंच जुळलं. पापड लाटणं संपलं. त्या जाईपर्यंत मी रोज सकाळी त्यांच्या दोन कळशा भरून दिल्या. वाडी म्हणायची, भाऊ किती करतो आक्काचं! मी म्हणू द्यायचो. आक्का कळशी ठेवून घेताना दिगूला शिव्या घालायच्या. त्याही मी घालू द्यायचो. कधीकधी हुंकार भरायचो.

आणि ही? आक्का पडल्या त्याच दिवशी दुपारी तिने तांदूळ काढायला कणगी उघडली. वायर बाहेर काढली, वेटोळं नीट गुंडाळलं, पोटमाळ्यावर ठेवलं. अँप्लिफायरही नंतर तिथेच गेला. एक शब्द बोलली नाही. त्यानंतर कधीही, कुठेही, मी विहिरीची गोष्ट काढली की ती उठून आत जाते. लोकांना वाटतं चहा टाकायला.

बऱ्याच वर्षांनी कामासाठी राजापूरला गेलो होतो. स्टँडसमोर पंख्यांच्या मोटारी भरून देणारं लहानसं दुकान, आणि आत दिगू. केस पिकलेले. मी वळणार, एवढ्यात त्याने हाक मारली. बाक पुसून बसवलं, चहा मागवला. आक्कांची चौकशी केली. मी त्या गेल्याचं सांगितलं. तो जरा वेळ तार गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "सेट वाजतो का?"

"फस्क्लास," मी म्हणालो.

"घूं गेली?"

"गेली."

"कशी घालवलीत?"

तोच. तसाच हळू. आणि दुकानात तिसरं कोणीही नव्हतं.

"खड्डा खणला," मी म्हणालो. "सहा फूट."

"मीठ-कोळसा घातलात ना?"

"घातला."

त्याने मान हलवली, आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

दिगू दोन वर्षांपूर्वी वारल्याचं कळलं. तर त्याने मला सांगायला सांगितलेली गोष्ट अशी आहे. विहिरीत मासे तळले गेले नाहीत. आमच्या विहिरीत मासे नव्हतेच. रहाट फिरला नाही. आक्का सहा फूट उडाल्या नाहीत — उभ्या जागी खाली बसल्या आणि आडव्या झाल्या. ओरडल्या म्हणजे "आई गं" एवढंच. दिव्याची वायर चांगली होती. अजून तीच आहे. दांड्याला होती ती दुसरी. निळी. ती मी बांधली होती.